लात मारल्याशिवाय न चढणारी सायकल

चहा घ्या आधी. घेतला? मग ऐका. आमच्या अकोटात हा किस्सा आता पानटपरीवरही सांगतात, पण लेकाचे फार सपक सांगतात. फजिती माझी झाली, तर तिखटमीठ टाकायचा हक्कही माझाच!

तर माझी एक सायकल आहे. सायकल म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर पुढं टोपली लावलेली लेडीज सायकल आली असेल. ती पुसून टाका. मी शिलाई मशीन दुरुस्त करते. शाळा चौथीत सुटली. हे काम मी मशीन उघडून-उघडून शिकले, कोणाच्या बापानं शिकवलं नाही. गिऱ्हाइकं सगळी वर पहाडाकडच्या गावांत. तिथल्या दगडगोट्यांनी माझ्या दोन लेडीज सायकलींचे पार सांगाडे केले, तेव्हा मी हबीबचाचांच्या दुकानात गेले. चाचा लोखंडी फाटकं बनवायचे. चिखलदऱ्याला कुण्या पाहुण्याजवळ पाहिलेली जाड टायरांची सायकल मी खडूनं त्यांच्या फरशीवर काढली अन् म्हटलं, "अशी पाहिजे."

चाचांनी चित्राभोवती एक चक्कर मारली. "बाई, ये सायकल है या भैंस?"

"म्हैसच समजा. पण पहाड चढली पाहिजे!"

त्यांनी नळ्या कापल्या, पितळेनं सांधल्या, कुठल्याशा भंगारातून गिअर आणले, अन् म्हैस उभी केली की हो! तीस-पस्तीस वर्षं झाली. चाचा गेले, सायकल चालूच आहे.

तिला खोड एकच. चढावर चेन उतरायची. त्याचा इलाज चाचांनीच सांगितला होता. चढ आला की उतरायचं, मागच्या चाकाच्या मधोमध टाचेनं एक लात हाणायची, मग बसून पायडल अर्धं उलटं फिरवायचं. एक सणसणीत शिवी मी त्यात माझ्या मनानं जोडली. शिवीशिवाय ती चढायचीच नाही, खोटं कशाला सांगू?

म्हणून मी कधी कुलूप लावलं नाही. चोर नेऊन-नेऊन नेईल कुठवर? सून सुनीता नवी होती तेव्हा एकदा म्हणाली, "आई, मी चालवून पाहू काय?"

"तुयाच्यानं होत नाही वं बाई," मी म्हटलं. "हिले फक्त माया हात समजते."

"हात का लात?" ती हळूच पुटपुटली. मी ऐकलंच नाही असं दाखवलं.

आता खरी गंमत. यंदा अमरावतीच्या काही सायकलवाल्या पोट्ट्यांनी जुन्या सायकलींचा मेळावा घेतला. कोणीतरी माझा फोटो मोबाइलवर पाहिला असावा. फोन आला, "आजी, तुमची तर हातानं बनवलेली माउंटन बाइक! एकदम विंटेज!"

"विंटेज असशील तू!" मी फोन आपटला. सुनीतानं अर्थ सांगितला तेव्हा कुठं राग उतरला.

मुलाच्या टेम्पोत सायकल टाकली, सुनीताला घेतलं अन् अमरावतीला गेलो. तलावाकडच्या चढाखाली ही गर्दी! सगळ्यांसमोर मी लात हाणली, उलटं पायडल मारलं, शिवी दिली. पोट्ट्यांनी माझ्या गळ्याशी लावलेला माइक चालू होता, हे मला कोण सांगणार? पण चढून दाखवलं. अशा टाळ्या पडल्या म्हणून सांगू!

टाळ्या फार वाईट. दारूपेक्षा लवकर चढतात.

खाली आले तर अंगाला चिकटलेले कपडे घातलेला एक बँकवाला पुढं आला. निखिल नाव. "आजी, सायकल विकता का?"

"विकत नाही. अन् घेऊन करशील काय? तुयाच्यानं चढते काय हे?"

"आई," सुनीता मागून पदर ओढत होती, "आई, थांबा जरा. मले काही सांगायचं हाय."

"चूप बस वं!" अन् मी माइकवर गर्जले, "आइका सगळे! जो कोनी चेन न उतरवता असा चढ चढंल, सायकल त्याची!"

सुनीतानं कपाळावर हात मारला. मला वाटलं, ऊन लागलं असेल.

निखिल बसला. ना लात, ना शिवी. मी मनात हसले. अन् बाप्पा! गेला की वर लोण्यासारखा! चेन कुरकुरलीसुद्धा नाही.

"एखाद्या वेळी होते तसं," मी म्हटलं. "दुसरा या!"

दुसरे आले एक पोटवाले प्रोफेसर. ते फोनवर बोलत-बोलत चढले.

"वारा मागून होता!"

तिसरी एक पोरगी. ती वर जाऊन, वळून, हसत खाली आली. आता वाऱ्यावर तरी किती ढकलू?

निखिल सायकलीवरून हात फिरवत म्हणाला, "पहिला मी चढलो, म्हणजे माझीच ना आजी? हॉलच्या भिंतीवर टांगतो. वर मस्त लाइट लावतो."

भिंतीवर! पहाडातली म्हैस अन् खुंटीला! पण शब्द दिला होता, अन् उभ्या जन्मात मी शब्द फिरवला नाही. "ने" म्हणायला मी तोंड उघडलं.

तेवढ्यात सुनीता पुढं आली. "भाऊ, तुमी पहिले नाही. पहिली मी."

"तू?" मी किंचाळले. "तू कवा चढली वं?"

तिनं पदर खोचला, बसली, एका हातानं हँडल धरून चढ चढली अन् उतरली. "रोज चढतो म्या. धरनाकडचा चढ, याच्याहून मोठा. तुमी दुपारी झोपल्या का. पाच-सहा वर्षं होऊन राहिले."

"पण शब्द तर आजींनी आत्ता दिला!" निखिल.

"शब्द आता देला, चढून तर म्या आधीच बसली. कवा चढायचं हे त्यायनं सांगतलं काय?" अन् सीटखालच्या नळीवर तिनं बोट ठेवलं. तिथं नेलपॉलिशच्या दोन लाल रेघा. "वरची आईच्या सीटची, खालची माया सीटची. सीट खाली करतो, चालवतो, परत वर करून ठेवतो."

अहो, त्या रेघा मी हबीबचाचांची निशाणी समजून दर रविवारी तेलाच्या बोटानं प्रेमानं पुसत होते!

"ताईची! ताईची!" गर्दी ओरडली. निखिल शहाणा, हसून बाजूला झाला.

मी हळूच विचारलं, "अन् चेन?"

"चाचाच्या पोरानं, सलीमभाईनं, चेन अन् मागचं दात्याचं चाक, फ्रीव्हील, म्या चालवाले लागली तवाच बदलून देलं. तवापासून उतरत नाही."

"मंग म्या लाता काहून मारून राहिली होती?"

"तुमाले समाधान भेटे, म्हून नाही बोलली."

म्हणजे पाच-सहा वर्षं मी गावोगावी, चारचौघांत, धडधाकट सायकलीला लाता घालत होते! अन् लोक म्हणत असतील, म्हातारीचं डोकं फिरलं.

सायकल अकोटला परत आली. उभीही पूर्वीच्याच जागी असते. फक्त आता तिला कुलूप आहे, अन् किल्ली सुनीताच्या कमरेला. सकाळी पान्या-पक्कडीची पिशवी घेऊन मी सुनीतासमोर उभी राहते. "सुनीता, वरच्या गावात मशीन पाहायले जायचं होतं वं..."

ती किल्ली काढते. "न्या. पन आई, लात नाही मारायची."

नाही मारत. चढ आला की शिवी मात्र अजून देते. सायकलीला नाही हो, माझी मलाच!