बूड पक्कं पाहिजे

सगळी गल्ली तिला वहिनी म्हणायची. सुरुवात केली धाकट्या दिरानं, मग शेजारपाजार, दूधवाला, गिऱ्हाइकं, सगळ्यांचीच ती वहिनी झाली. किराणा दुकान नवऱ्याच्या नावावर, पण चालायचं तिच्या जिभेवर. नवरा मुलखाचा अबोल. तो काट्यापाशी बसून मुकाट माल तोलायचा, बोलायचं खातं वहिनीकडे.

एके सकाळी मागचं गटार तुंबलं आणि घाण पाणी शेजारच्या शिंप्याच्या दुकानात शिरलं. शिवायला आलेले कपडे भिजले. शिंप्यानं बांबूनं ढोसून ढोसून बोळा बाहेर काढला आणि तसाच निथळता वहिनीच्या पायरीवर आणून टाकला.

"ओळखा बघू, कुणाचं लेकरू हे?"

प्लास्टिकच्या पिशव्यांचा गुंता होता तो, आणि त्यातल्या बहुतेक पिशव्यांवर वहिनीच्याच दुकानाचं नाव. वहिनीनं तो बोळा स्वतःच्या हातानं उचलून कचऱ्यात टाकला. शिंप्याचे कपडे तिनं घरी नेले, धुवून, वाळवून, इस्त्री करून परत दिले. आणि दुकानात सांगून टाकलं, "प्लास्टिक बंद. इथून पुढं कागदी पिशवी."

"गिऱ्हाईक तुटेल," नवरा म्हणाला.

"तुटलं तर जोडू."

खरी मेख वेगळीच होती. त्या पिशव्या पुरवायचा दीर. दुकानोदुकानी प्लास्टिकच्या पिशव्या पोचवणं हाच त्याचा धंदा. तो तणतणतच आला.

"वहिनी, घरच्याच माणसाच्या पोटावर पाय?"

"पोटावर कशाला, भावजी? कागदाच्या आणा. पहिलं गिऱ्हाईक मीच."

"कागदात साखर टिकते होय!" म्हणत तो चहासुद्धा न घेता निघून गेला.

मग वहिनीनं बाजारातून मिळाल्या तशा कागदी पिशव्या आणल्या. पहिल्याच दिवशी शाळेतल्या बाईंच्या पिशवीनं पायरीवरच बूड सोडलं. साखर सांडली, साबणाची वडी घरंगळत रस्त्यात गेली, समोरच्या दुकानातून हसण्याचा आवाज आला. वहिनीनं केरसुणी घेतली, पायरी झाडली, सगळा माल नव्यानं तोलून दिला.

"बाई, चूक माझी. बूड न बघता पिशवी घेतली."

दुपारी तिनं पिशवी उसवून पाहिली. बुडाला एकच घडी आणि खळ नावापुरती. ती फाटकी पिशवी घेऊन ती थेट दिराच्या घरी गेली. दीर तोंड फिरवून बसला. पण जाऊबाईनं पिशवी हातात घेतली, उलटीपालटी केली.

"बूड दुहेरी दुमडलं तर? मी करून बघते."

"तुला कोण विचारतंय?" दीर म्हणाला.

"वहिनी विचारतायत की!"

जाऊबाई पिशव्या करायची आणि वहिनी त्या डाळीनं भरून दुकानाच्या दारातल्या हुकाला टांगायची. फाटली की निरोप जायचा, "ही नापास." जाऊबाई चिडायची, पण दुसरी पाठवायची. कधी खळ पातळ, कधी कागद हलका, कधी कडेलाच चीर. एक पिशवी मात्र सकाळपासून संध्याकाळपर्यंत तशीच लटकत राहिली. दिराला खबर लागली. तो आला, खालून पंजा लावून दाबून बघितलं, हिसका दिला.

"बूड धरलंय की!" त्याच्या तोंडून निघून गेलं.

"मग? बायको कुणाची!"

इतक्या दिवसांत तो पहिल्यांदा हसला.

काही गिऱ्हाइकं समोरच्या दुकानाकडे वळली ती वळलीच. शाळेतल्या बाई घरून कापडी पिशवी आणू लागल्या, त्याचं वहिनीला जास्तच कौतुक. दिरानं उरलेलं प्लास्टिक कारखान्याला परत केलं आणि कागदी पिशव्यांचे नमुने घेऊन तो औषधवाल्याकडे, बेकरीत, चपलांच्या दुकानात फिरू लागला. आता त्याच्या घरी पिशव्या करायला दोन बायका येतात आणि खळ कशी हवी ते जाऊबाई ठरवते. दीर फक्त माल पोचवतो. कुणी शंका काढली, की छाती पुढं काढून म्हणतो, "भरून टांगून बघा. फाटली तर माझ्याकडे नका येऊ, आमच्या घरी जाऊन माझ्या बायकोला सांगा. माझी हिंमत नाही."