बेचाळीसची हवा

आधी मावशींचं सांगतो, बाकीचं मागनं. कागलच्या दिशेनं हायवेला लागलं की डाव्या हाताला पत्र्याचं एक शेड आहे. पंक्चर, हवा, टायर बदलणं, चाकांचं अलाइनमेंट. तिथं लोखंडी खुर्चीवर बसून जी बाई ट्रकवाल्यांनाही दम भरते, त्या या मावशी. नवरा गेल्यावर दुकान त्यांनीच उभं ठेवलं. कोल्हापुरात माझं नात्याचं कुणी नाही. गाव परभणीकडं, एसटीनं जायचं तर अख्खा दिवस मोडतो. मावशी नसत्या तर आज मी तिकडंच असतो, आणि ‘गाडी हाणायचा म्हणून काढून टाकला’ एवढंच माझ्या नावामागं राहिलं असतं.

मी नववीतून शाळा सोडली. लिहिताना चुकेन याची धास्ती वाटते. तरी लिहितो, कारण राग अजून गेलेला नाही.

कळंब्यात राहणाऱ्या एका फौंड्रीवाल्या साहेबांकडं मी ड्रायव्हर आहे. गाडी एसयूव्ही, पण स्पोर्टी. म्हणजे दिसायला जीपसारखी उंच आणि बसायला रेसच्या गाडीसारखी कडक. वळणावर जरा झुकत नाही, पण चाकाखाली खडा आला तर माकडहाडाला कळतो. वहिनीसाहेबांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि एक दिवसाआड त्यांना राजारामपुरीत व्यायामासाठी न्यायचं काम माझ्याकडं आलं. त्या वाटेवरचे सगळे स्पीडब्रेकर मला पाठ आहेत. काही सरकारी, काही गल्लीतल्या लोकांनी आपल्या हातानं, आपल्या मापानं घातलेले. प्रत्येकावर मागच्या सीटवरून “आई गं” यायचं, आणि ते माझ्या पाठीत शिरायचं.

साहेब म्हणायचे, “गाडी चालवतोस की हाणतोस रं?”

हाणतो? मी माणसाच्या चालीनं ब्रेकर चढत होतो! दुधाच्या किटल्या लावलेला मोटरसायकलवाला हॉर्न मारून पुढं जायचा आणि जाताना वर ओरडायचा, “पावणं, झोप लागली काय?” रस्त्यावरच्यांना मी गोगलगाय आणि घरच्यांना दांडगा. मग सीटवर फोमची उशी आली. तिच्यावर दुसरी. तिच्यावर वाकळीची घडी. वहिनींचं डोकं छताला लागायला आलं, हादरे होते तेवढेच. एक दिवस साहेब स्वतः मागं बसले आणि उतरताना म्हणाले, “आधीचा ड्रायव्हर हुता तवा गाडी अशी दणकत न्हवती.”

हे मला लई लागलं. मधल्या काळात काय काय बदललं, हे कुणी बघितलं? ड्रायव्हर बदलला, एवढंच दिसलं. आणि ड्रायव्हर परगावचा, नववी शिकलेला. मग तर विचारायलाच नको.

हात सुधारायला मला महिनाअखेरपर्यंतची मुदत मिळाली, नाहीतर नोकरी गेली. दुसऱ्याच दिवशी एक नवा ड्रायव्हर गाडी बघायला आला. मी बॉनेट पुसत होतो. माझ्यादेखत त्यानं माझी सीट मागंपुढं केली, आरसा आपल्या डोळ्याला लावून घेतला. माझ्या हातात ओलं फडकं होतं. घरून आईचा फोन आला तर म्हणालो, सगळं बरं आहे.

शेवटी साहेबांना म्हणालो, चाकं दाखवून आणतो. ते म्हणाले, “आधी स्वतःचा हात दाखव कुणाला तरी.” पण किल्ली दिली.

मावशींनी गाडी आत येतानाच ऐकली. “पावणं, गाडी हाय का पत्र्याचा डबा? केवढा आवाज त्यो!” उठल्या, टायरवर चपलेचं टोक मारलं, मग हवा मोजायचं मीटर लावलं. बेचाळीस. चारही चाकांत बेचाळीस.

“कुणी भरली ही हवा?”

“मी,” मी अभिमानानं सांगितलं. “दर सोमवारी. एकदाही चुकलो नाही.”

आमच्याकडं मी उसाचे ट्रॅक्टर चालवले, नंतर मालाचा टेम्पो. तिथं मऊ टायर म्हणजे आळशी ड्रायव्हर. लाथ मारली तर पाय परत आला पाहिजे, असं मला पहिल्या मालकानं शिकवलं होतं. ही नोकरी टिकावी म्हणून मी इथंही तेच इमानेइतबारे करत होतो.

मावशी इतक्या हसल्या की त्यांना मीटर खाली ठेवावं लागलं. “मागं ऊस भरलाईस व्हय रं?” मग माझं मनगट धरून ड्रायव्हरच्या दारापाशी नेलं, दार उघडलं. आतल्या खांबावर स्टिकर. इंग्रजी मला येत नाही, पण आकडे येतात. तेहतीस. ते दार मी दिवसातून वीस वेळा उघडत होतो.

म्हणजे वहिनींचं ते “आई गं” माझ्या हातचं होतं! मी तिथंच खाली बसलो.

“उठ. समदं पाप तुझं न्हाय,” मावशी म्हणाल्या. “त्याच कागदावर चाकाचंबी माप हाय, ते वाच की.” कागदावर सतरा. गाडीला एकोणीस. मी कामाला लागलो त्याच्या दुसऱ्याच महिन्यात साहेबांच्या मुलानं हौसेनं मोठी, काळी, चकचकीत चाकं बसवली होती. चाक मोठं, म्हणून टायर बारीक. जमीन आणि लोखंड यांच्यामध्ये दोन-तीन बोटं रबर. “धक्का सोसायचा कुणी? वहिनींच्या मणक्यानं?” मावशींनी हवा तेहतीसवर आणली आणि साहेबांना फोन लावायला सांगितला. इथल्या बायका ‘मी जातो, मी सांगतो’ असंच बोलतात. “मी सांगतो साहेबाला, तू गप ऱ्हा,” म्हणाल्या, आणि फोनवर सांगितलं, खड्ड्यात असलं चाक फुटतं, जुनी चाकं घेऊन स्वतः या.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब आले, मुलगा आला. वहिनी माझ्या मागं बसून आल्या आणि वाटेत एकदाच कण्हल्या. जुनी चाकं फौंड्रीच्या टेम्पोतून आली. मावशींनी सगळं समजावलं. साहेबांनी नेमकं एकच धरलं.

“बेचाळीस हवा? कुणी भरली?”

मावशींनी माझ्याकडं बघितलं, मग रस्त्याकडं. “पंपावाले भरत्यात कायबी.”

मी सुटलो होतो. पण न केलेल्या गोष्टीचा दोष अंगावर घेऊन कसं जगायला लागतं, हे मी दोन महिने बघितलं होतं. तेच पंपावरच्या माणसाच्या गळ्यात कसं घालू?

“मी भरली, साहेब. दर सोमवारी.”

“बघा! मी म्हणतच हुतो!” साहेबांनी मांडीवर थाप मारली.

“थांबा की,” मावशींचा आवाज चढला. “हवेचं त्याचं, चाकाचं तुमचं. त्यानं आपलं सांगितलं. आता तुमचं तुम्ही सांगा.”

साहेबांनी मुलाकडं बघितलं. मग मुलगा म्हणाला, “जुनी चाकं लावली तर गाडी बैलगाडी दिसंल.”

“दिसू दे,” वहिनी म्हणाल्या. “मी शोभेला बसत न्हाय त्यात.”

चाकं बदलली. मावशींनी आधीच बजावलं होतं, “ही गाडी जातीचीच कडक, तिची पालखी हुणार न्हाय. पण बुक्की मारायची थांबंल.” तसंच झालं. परत येताना वहिनींनी वाकळ काढून बाजूला ठेवली आणि ब्रेकरवरनं जातानाही फोनवर बहिणीशी बोलत राहिल्या. नवा ड्रायव्हर पुन्हा आला नाही.

साहेब मात्र ‘चुकलं’ म्हणाले नाहीत. उलट पाहुण्यांना सांगतात, “लई झाडला, तवा पोरगं सुधारलं. आता हात मऊ पडलाय.” मी पुढच्या सीटवरून ऐकतो. माझा हात होता तोच आहे! चाकं बदलली साहेब, चाकं! पण हे मी मोठ्यानं म्हणत नाही. नोकरी आहे.

परवा हवा मोजायला गेलो तेव्हा मावशींना विचारलं, तुमचे उपकार कसे फेडू? त्यांनी हात झटकला. मग टायरकडं बघतच म्हणाल्या, “हजार गाड्यांची चाकं लावली मी. स्टेअरिंग कधी धरलं न्हाय. रॅम्पवर गाडी चढवायलाबी दुसऱ्याला हाक मारायला लागतीया.”

मावशी, साहेबांच्या गाडीवर ते जमायचं नाही. पण एक दिवस माझी स्वतःची गाडी येईल, जुनी का असेना. त्या दिवशी कळंब्याच्या तलावाकडच्या मोकळ्या रस्त्यावर मी डाव्या सीटवर बसेन आणि स्टेअरिंग तुमच्या हातात असेल. तुम्ही कितीही दणके दिलेत तरी ‘हाणतायसा’ म्हणणार नाही. हा माझा शब्द.