नवाची काठी

समस्त वाचकांस या लेखाद्वारे जाहीर नोटीस देण्यात येते की, योग्य अंतराला योग्य काठी न निवडल्यास मनुष्याचं लग्न मोडू शकतं. ही गोष्ट थट्टेवारी नेऊ नये. मी स्वतः थोडक्यात बचावलो आहे.

पन्नासच्या दशकातला एक चैत्र. मी तेव्हा वाशीमच्या कोर्टात नकलनवीस होतो. नवी टोपी घालून, मामांना पुढे करून, अनसिंगजवळच्या एका मळ्यात मुलगी पाहायला गेलो होतो. मुलीचे वडील फौजेतून परतलेले सुभेदार. मुलगी खाली मान घालून पोहे देऊन समोर बसली. मामांनी ठरलेले प्रश्न विचारले, तिने ठरलेली उत्तरं दिली. पोह्यांचा पहिला घास पोटात जाण्याआधीच माझा होकार तयार होता. आता उरलं काय, तर साखर वाटणं, अशी माझी समजूत.

तेवढ्यात सुभेदार उठले. "तुमचं इचारून झालं. आता आमचं," म्हणाले, आणि खुंटीवरची लांबोडकी कातडी पिशवी खांद्याला लावून शेतात निघाले. आम्ही सगळे मागे. बायकासुद्धा.

पिशवीत लोखंडी तोंडाच्या सात काठ्या होत्या. सुभेदारांनी छावणीत एका गोऱ्या साहेबाची ही पिशवी अनेक वर्षं वाहिली होती आणि वाहता वाहता गोल्फ नावाचा त्याचा खेळही उचलला होता. विलायतेला जाताना साहेब ती पिशवी आणि डझनभर चेंडू सुभेदारांना देऊन गेला. आता सबंध अनसिंगात दुसरा कोण खेळणार? सुभेदार एकटेच खेळत.

बांधावरच्या बाभळीपाशी ते थांबले. समोर जोंधळा निघालेलं काळं रान, उन्हानं तडकलेलं. भेगा अशा की हात घातला तर कोपर आत जावं. शंभर पावलांवर खळं, शेणानं सारवून परातीसारखं गुळगुळीत केलेलं. मळणीत बैल जिच्याभोवती फिरतात ती मधली मेढ उपटली होती आणि तिच्या खड्ड्यात लाल चिंधीचा बांबू उभा होता. चेंडू त्या खड्ड्यात घालायचा. खळ्याच्या पलीकडे पुन्हा भेगाच. डझनातले अकरा चेंडू त्या भेगांनी गिळले होते.

"हा शेवटचा," सुभेदार चेंडू मातीवर ठेवत म्हणाले. "गेला त माहा खेळ बंद. सांगा जावईबापू, कोणती काठी? तुमी सांगसान तिनंच मारतो."

पगार विचारतील, गोत्र विचारतील, अक्षर पाहतील, या सगळ्याची तयारी होती. उभ्या वऱ्हाडात नवऱ्या मुलाला असा प्रश्न कुणी विचारला नसेल. मामा कानाशी पुटपुटले की काहीही सांग, पण लवकर सांग.

काठ्यांवर तीन ते नऊ असे आकडे कोरले होते. मी कोर्टातल्या माणसासारखा विचार केला. नववीतलं पोर पाचवीतल्या पोराच्या पुढे, तेव्हा नऊ लांब जाणार. खळं तर जवळ. तीन फारच दुबळी वाटली. मी निकाल वाचावा तसा उच्चार केला, "पाच."

सुभेदारांची भुवई हलली. पण फौजी माणसानं दिलेला शब्द. त्यांनी पाचाची काठी काढली, पाय रोवले.

आणि मुलगी पुढे आली. पाहायला आलेल्या मंडळींसमोर, कुणी न विचारता. तिने वडिलांच्या हातातली काठी काढून घेतली आणि दुसरी दिली. "बाबा, पाचानं मारसान त चेंडू खळ्यावरून घसरत जाईन आन् पल्याडच्या भेगात पडन. नवाची घ्या."

तिची आई मटकन बांधावर बसली. मी मात्र त्या काठीच्या तोंडाकडे पाहत राहिलो. पाखडताना सूप मागे कलतं तसं ते कललेलं होतं. आकडा मोठा तितकं तोंड मागे, आणि चेंडू पुढे कमी, वर जास्त. खळं तीच सारवत होती, त्याचा उतार तिला पायांनी ठाऊक होता.

सुभेदारांनी मारला. चेंडू बाभळीच्या वर गेला, उन्हात दिसेनासा झाला आणि खळ्यावर टप्पकन पडला. वीतभर सरकून बांबूच्या जवळ थांबला.

मला इतका आनंद झाला की मी टोपी सांभाळत धावत सुटलो, तो थेट खळ्यावर. पायात वहाणा. ज्या खळ्यावर धान्याच्या राशीची पूजा होते, जिथे सुभेदार स्वतः अनवाणी खेळत, तिथे. मागून सगळेच ओरडले. मी वहाणा काढून हातात धरल्या आणि उभा राहिलो. मामा येऊन हळूच म्हणाले की चल, गाडीची वेळ झाली. गाडीला तीन तास होते.

सुभेदारांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं. याला काठी कळत नाही, खळं कळत नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलं होतं. मग त्यांनी त्या काळात कुठलाच बाप करत नसे ते केलं. मुलीकडे वळून विचारलं, "काय करावं याचं?"

ती अनवाणी खळ्यावर आली. चेंडू उचलून पदराला पुसला, माझ्या हातातल्या वहाणांकडे पाहिलं आणि सगळ्यांदेखत बोलून गेली,

"बाबा, माणूस चालते मले. काठी मी निवडत जाईन."