चौकोनी पडद्यावरचा गणपती

काळ्या पडद्यावर एक छोटीशी निळी चौकट सारखी जागा बदलत होती. कधी वर कोपऱ्यात, कधी खाली मध्यावर. तिच्यात इंग्रजीत लिहिलं होतं, ‘आउट ऑफ रेंज’. आमच्या घराच्या गल्लीत मोबाइलला रेंज नसते हे मला ठाऊक होतं. मॉनिटरलाही ती लागते हे नव्यानं कळत होतं.

केजला दादाचं, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचं, दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची आमंत्रणं, वाढदिवसाचे बॅनर असं सगळं तो संगणकावर तयार करून द्यायचा. तो गेल्यापासून वहिनी रोज सकाळी शटर उघडतात, झाडून घेतात, उदबत्ती लावतात आणि शटर पुन्हा ओढतात. मी कॉलेजात ग्रंथपाल आहे. पुस्तकं बंद पडत नाहीत, त्यामुळे यंत्रांशी माझं कधी भांडण झालं नव्हतं.

वर्षश्राद्ध जवळ आलं होतं. आमच्या घरात वर्ष झाल्यावर माणसाचा फोटो भिंतीवर लावतात. आईनं वडिलांच्या फोटोशेजारची जागा पुसून ठेवली होती आणि मला एवढंच सांगितलं होतं, “जसा होता तसा आन. बॅनरवरच्यावानी नको.” दहाव्याला चौकात लागलेल्या बॅनरवर दादाचा चेहरा घाईघाईत कुठल्या तरी फोटोतून उचललेला होता. जीपमधून जाताना आईनं तो पाहिला आणि शेजारच्या बाईला विचारलं होतं, “कोन गेलं म्हनायचं हे?” ते मी ऐकलं होतं.

दुसऱ्यांचे फोटो कापणाऱ्या माणसाचे स्वतःचे फोटो नसतात. दादाचा एकच नीट फोटो होता. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या बॅनरवर खाली शुभेच्छुकांच्या मुंडक्यांची रांग असते, त्या रांगेत लावायला त्यानं तो स्वतःच दुकानात काढला होता. तो होता त्याच्या संगणकात. आणि संगणकाचा डबा उन्हाळ्यात विजेच्या झटक्यानं जळाला. माहितीची डिस्क तेवढी वाचली. ती नव्या डब्यात बसवून आणली, तर नव्या डब्याला जुन्या मॉनिटरची निळी पिन लागेना. मग जोडणारा एक तुकडा आणला. पिन लागली, आणि निळी चौकट फिरायला लागली.

दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, “सर, नवा डबा मोठं चित्र पाठवायलाय. जुन्याला झेपंना ते. मॉनिटर नवा घ्या, इषय संपला.”

विषय संपणार नव्हता, कारण वहिनी शेजारीच उभ्या होत्या. “मॉनिटर बदलायचा न्हाई, भावजी.” त्या मॉनिटरच्या काळ्या चौकटीवर हळदीकुंकवाचे डाग होते. दर खंडेनवमीला दादा दुकानातल्या यंत्रांची पूजा करायचा, आणि मॉनिटरचं कुंकू पुसू द्यायचा नाही.

तेवढ्यात चुलतभाऊ आला. तो कुठल्याही बिघाडाला वासानं येतो.

“वायर काढून फुंक मारली का?”

“मारली.”

“उलटी लावून बघ.”

“उलटी लागत नाही ती.”

“जोर लाव की बे! एवढी पुस्तकं वाचलास, येक वायर लागंना तुला.”

मी दुरुस्तीवाल्याला पुन्हा फोन लावला. त्यानं सांगितलं, बंद करा, चालू करा, ही कळ दाबून धरा, आता सोडा. मी सोडली की तो म्हणायचा, लवकर सोडली. धरून ठेवली की म्हणायचा, उशीर झाला. शेवटी एकदाची त्या पडद्यावर अक्षरं आली. एवढी मोठी, की बालवाडीचं पुस्तक उघडल्यासारखं वाटलं. तिथून सेटिंगमध्ये जाऊन चित्राचा आकार निवडायचा होता. यादीत सगळे आकार आडवे, टीव्हीसारखे. दादाचा मॉनिटर जवळजवळ चौकोनी. त्याच्या मापाचा आकार त्या यादीत नव्हताच. मी यादी वरून खाली वाचली, खालून वर वाचली. ग्रंथालयात पुस्तक सापडलं नाही तर ते कुणी तरी नेलेलं असतं. इथं ते कुणी छापलंच नव्हतं.

त्यातला एक आकार निवडला. चित्र आलं. अक्षरं जरा उंच वाटत होती, पण इतक्या खटपटीनंतर काहीतरी दिसत होतं यातच आम्ही खूश होतो. दादाचा फोटो सापडला. उघडला, आणि तिघेही पडद्याजवळ सरकलो.

गाल बसलेले. हनुवटी निमुळती. मान काडीसारखी. शेवटच्या महिन्यांत तो असाच दिसायचा.

“आजारपनातला हाय का वो हा?” वहिनींनी विचारलं.

मला आठवत नव्हतं. चुलतभावाचाही आवाज उतरला होता. तो म्हणाला, “काकूला असा कामून दाखवायचा? थोडा भरलेला कर की.” आणि त्यानं माझ्या हातातला माउस घेऊन फोटोची कड धरून ओढली. चेहरा रुंद झाला. गाल भरले. अजून थोडी ओढली. वहिनी म्हणाल्या, “बास. असेच होते.” खरंच तसाच दिसत होता. आम्ही तो पेनड्राइव्हवर घेतला आणि फोटो लॅबमध्ये देऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी काचेच्या फ्रेममधला फोटो आईसमोर ठेवला. तिनं चष्मा चढवला. फ्रेम उजेडाकडे धरली.

“ह्याला गालगुंड झालतं का?”

फोटोतला माणूस एखाद्या बाजार समितीचा सभापती शोभला असता. कान दोन दिशांना गेले होते. लॅबवाल्याला वाटलं असेल, माणूसच तसा.

“ह्यो माझा न्हाई,” आई म्हणाली, आणि फ्रेम पालथी घातली. हा फोटोही दहाव्याच्या बॅनरसारखाच ठरला.

मी तसाच दुकानात गेलो. वहिनी मागोमाग आल्या, त्यांच्या मागे चुलतभाऊ, बोलतच. “लॅबवाल्यानं घोटाळा केला. म्या बघतो त्याला.” मी पुन्हा सगळं चालू केलं. रागात भलतीच फाइल उघडली गेली. कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका होती. वर मधोमध, नेहमीसारखा, गणपती.

वहिनी पडद्याकडे वाकल्या. “अगंबाई. गणपतीबी उपाशी दिसायलाय.”

खरंच होता. सोंड लांबलेली, पोट आत गेलेलं, उंदीर उभट. हाच गणपती दादानं केजातल्या निम्म्या लग्नांना लावला होता. आमच्या घरच्या पत्रिकेवरही तोच होता, आणि तिथं त्याचं पोट जागच्या जागी होतं.

“गणपती कधी आजारी पडला?” मी म्हणालो. बहुतेक मोठ्यानं म्हणालो, कारण चुलतभाऊ लॅबवाल्याला विसरून पडद्यापाशी आला.

आडवं चित्र चौकोनी पडद्यावर कोंबल्यामुळे सगळंच दोन्ही बाजूंनी दाबलं जात होतं. अक्षरं, गणपती, दादा. आम्ही आजारपण समजून जे पुसायला निघालो होतो ते फोटोत नव्हतंच, पडद्यात होतं. फाइलमध्ये दादा धडधाकट बसून होता आणि आम्ही तिघांनी मिळून, मायेनं, त्याला रुंद केला होता. मी मूळचा फोटो, न ओढलेला, माझ्या फोनवर घेतला. फोनवर तो होता तसा होता. हे काल का सुचलं नाही, असं वहिनींनी विचारलं नाही, हे त्यांचे उपकार. चुलतभावानं विचारलं.

“मंग फोनवरच बघायचं की बे आधी!”

“हो,” मी म्हणालो. “जोर लावायचा राहिला.”

तो हसला. वहिनीही पदर तोंडाला लावून हसल्या. त्या दुकानात पुष्कळ दिवसांनी कुणी हसलं.

नवा फोटो लॅबमधून मी स्वतः आणला. वाटेत तीनदा कागद सोडून पाहिला. आईनं फ्रेम मांडीवर घेतली, चष्मा चढवला. मी तिच्याकडे पाहणं टाळून वडिलांच्या फोटोकडे पाहत राहिलो. तिनं पदरानं काच पुसली, गालाच्या जागी पुन्हा पुसली.

“दाढी केली नव्हती त्यानं त्या दिवशी,” ती म्हणाली. “म्या म्हनलंतं, दुकानात चाललास, मानसं येतेत, दाढी कर. ऐकतो का कधी.”

मग तिनं खिळा कुठं ठोकायचा ते बोटानं दाखवलं.