शेठच्या गच्चीवरचं सार्वजनिक बाकडं

बडोद्याच्या दांडिया बाजारात आमच्या गल्लीच्या तोंडाशी कॉर्पोरेशनने सिमेंटचं बाकडं बसवलं, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद आईला झाला. घर आणि मारुतीचं देऊळ यांच्या बरोबर मध्ये ते होतं, आणि आईचे गुडघे नेमके तिथेच संप पुकारतात. बाकड्यावर टेकायचं, दम खायचा, पुढे निघायचं. कुणाचा हात न धरता ती रोज देवळात जाऊ लागली. येताना कोथिंबिरीच्या भावापासून कुणाच्या सुनेला लागलेल्या नोकरीपर्यंत सगळ्या बातम्या घेऊन यायची.

पावसाळ्यानंतर गटाराचं काम निघालं. बाकडं बाजूला झालं, रस्ता खणला, बुजवला, पण बाकडं काही परत आलं नाही. आईचं देऊळ बंद झालं. मी थोडे दिवस तिला धरून नेलं. मग एकदा म्हणाली, "पार्सलसारखं पोचवलेलं मला नाही आवडत." त्यानंतर ती नुसती खिडकीशी बसू लागली. ते शांत घर मला सहन होईना.

मी तिला रिक्षात घालून वॉर्ड ऑफिसात घेऊन गेले. तिथला कारकून भला माणूस. आईला खुर्ची दिली, पाणी दिलं, कॉम्प्युटरवर शोधाशोध केली आणि म्हणाला, "बांकडो तो छे ज ने." बाकडं तर आहेच की! स्क्रीन आमच्याकडे वळवली. उद्घाटनाचा फोटो होता. बाकड्याला झेंडूचा हार, मागे नगरसेवक आणि मधोमध नवी साडी नेसून हसत बसलेली आमची आई.

"जुओ बा, तमे ज बेठां छो."

"बेठी हती, भाई," आई म्हणाली. "हवे क्यां बेसुं?" बसले होते, आता कुठे बसू?

फोटो आहे म्हणजे काम पूर्ण आहे, असं त्याचं म्हणणं. जागेवर येऊन बघा म्हटलं, तर म्हणे बघायला येण्यासाठी आधी काम अपूर्ण असायला हवं. माझं डोकं तडकलं. लोकांच्या पैशाची वस्तू सांभाळायची कुणी, यावर मी तिथे चांगलं खणखणीत भाषण ठोकलं. परत येताना आईनेच मला झापलं. "त्या बिचाऱ्यावर कशाला ओरडलीस? पाणी दिलं ना त्याने."

मग उत्तरायण आलं, म्हणजे इथली पतंगांची संक्रांत. त्या दिवशी बडोद्यात खाली कुणी नसतं, सगळे गच्चीवर. आईलाही मी वर नेऊन खुर्चीत बसवलं. लोक आकाशाकडे बघत होते आणि आई आजूबाजूच्या गच्च्या न्याहाळत होती. एकाएकी तिने माझा दंड धरला. पलीकडे साडीच्या दुकानाच्या शेठची गच्ची. शेठ आमचे जुने शेजारी, माणूस प्रेमळ. त्यांच्या गच्चीवर आमचं बाकडं, त्यावर ऊंधियूचं पातेलं आणि पाठीवर निळ्या अक्षरांत लिहिलेलं, 'जाहेर जनता माटे', म्हणजे सर्व जनतेसाठी.

मी तोंड उघडणार, तोच आईने दंडाला चिमटा काढला. "संक्रांत आहे. रथसप्तमीपर्यंत कडू बोलायचं नाही."

तिने गोड आवाजात पलीकडे हाक मारून बाकड्याची चौकशी केली. शेठ मुळीच गडबडले नाहीत. "साचवी राख्यो छे, बा. नीचे होत तो कोई लई जात." खाली असतं तर कुणीतरी पळवलं असतं म्हणून सांभाळून ठेवलंय! मला हसावं की पतंगाचा मांजा गिळावा कळेना. आई मात्र शेठाणीशी बोलू लागली. यंदाचं आमचं हळदीकुंकू तुमच्या गच्चीवर केलं तर चालेल का? शेठाणी हरखून गेली.

आईने गल्लीच्या ग्रुपवर निमंत्रण माझ्याकडून टाइप करून घेतलं. स्थळ: कॉर्पोरेशनचं बाकडं, शेठजींची गच्ची. ते बाकडं हमालांशिवाय हलत नाही, म्हणजे वर चढताना निम्म्या गल्लीने पाहिलं असणारच. आजवर सगळे मूग गिळून बसले होते. त्या संध्याकाळी मराठी, गुजराती, सगळ्या घरच्या बायका नटूनथटून वर आल्या. आईसुद्धा कठडा धरत, टप्प्याटप्प्यावर थांबत जिने चढली. प्रत्येकीला तिने बाकड्यावर बसवून कुंकू लावलं. प्रत्येकीने बसण्याआधी पाठीवरची अक्षरं वाचली आणि तिळगूळ तोंडात टाकून शेठाणीकडे बघितलं. वाण म्हणून आईने कापडी आसनं शिवून घेतली होती. शेठाणीच्या हातात ते देताना म्हणाली, "नीचे बेसवा काम लागशे." खाली बसायला उपयोगी पडेल! शेठाणी लाजून लालबुंद झाली, मग स्वतःच खो खो हसत सुटली.

रात्री त्या घरात काय बोलणं झालं ते शेठच जाणोत. सकाळी हमाल आले आणि खुद्द शेठ "संभाळजो, बाना बांकडाने संभाळजो" असं आईच्या बाकड्याला जपायला बजावत जिन्यातून मागे मागे उतरले. बाकडं जागेवर आलं. एक कोपरा तेवढा उडाला होता.

बातमी वॉर्ड ऑफिसात पोचली असावी, दुपारी तिथला कारकून मोबाइल घेऊन हजर. "बेसो ने बा, फोटो पाडी लऊं."

"एकला बांकडानो पाड," आई म्हणाली. "मने बेठेली जोईने पछी तमे बांकडो जोवा आवता नथी." फोटोत मी बसलेली दिसले की मग तुम्ही बाकडं बघायला येत नाही!

त्याने मान खाली घालून नुसत्या बाकड्याचा फोटो घेतला. तो गेल्यावर आई बसली, दम खाल्ला आणि उठली. मी सवयीने तिचा हात धरायला पुढे झाले.

"तू कुठे निघालीस? पुढचं मला जमतं."

मी तिथेच उभी राहिले. ती हळूहळू देवळाकडे वळली, मागे बघितलंसुद्धा नाही. माझे डोळे भरून आले, आनंदाने. तासाभराने ती घरी आली आणि चप्पल काढता काढताच तिने मला सांगितलं की कोथिंबीर फार महाग झाली आहे.