कोणी गेलं नव्हतं, तरी बसायला गेले

एसटीत रागावल्याशिवाय काम होत नाही. "मागं सरका" असं गोडीत म्हणून पाहा, एक माणूस हलायचा नाही. म्हणून मी पहिल्या दिवसापासून ओरडूनच तिकिटं दिली. हातात मशीन आलं, आवाज मात्र तोच राहिला. चिखली, मेहकर, लोणार या रस्त्यांवर मला न ओळखणारा प्रवासी सापडणं कठीण, पण त्याचं श्रेय माझ्या नोकरीला नाही. ते एका नकलाकाराला आहे. तो माझी नक्कल करायचा.

दुसरबीडचा पोरगा. पोरगा म्हणते खरी, पण चाळिशीला टेकला होता. शाळेच्या गॅदरिंगपासून नकला करत आला. मग गणपती, भीमजयंती, लग्नाची हळद, आणि शेवटी मोबाइलवर व्हिडिओ टाकायला लागला तसा आख्ख्या वऱ्हाडात पोचला. खाकी शर्ट, खांद्याला चामड्याची बॅग, डोळ्याला गॉगल. कमरेवर हात ठेवून म्हणायचा, "ओ दादा, मधात काय खुट्टा गाडला काय? सरका ना मांगं!" हुबेहूब मी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या अंगाची लाही लाही झाली. कार्यक्रम संपल्यावर स्टेजमागं जाऊन त्याचा कानच धरणार होते. पण त्याच्यासोबत प्रवाशाचं काम करणारा म्हातारा मिशी काढून समोर आला, तर तो माझाच सख्खा धाकटा भाऊ! काय करता!

भावाचा बीबी गावात मंडप आणि साउंडचा धंदा आहे. माइक लावता लावता तो स्टेजवर चढला आणि दोघांची जोडी जमली. भाऊ पत्र्याची पेटी घेऊन चढायचा, काळी कुळकुळीत मिशी लावून. मग सुरू व्हायचं.

"तिकीट?"

"मी पंच्याहत्तरचा हाय, मले फुकट हाय."

"मिशी तं पंचविशीची दिसते. आधार दाखवा."

"आधारच तं नाही ना बाई मले कोणाचा!"

इथं लोक हसून लोळायचे. मी पन्नास वेळा ऐकलं असेल आणि पन्नास वेळा हसले असेन.

तो नकलाकार गेल्याचं मला गाडीतच कळलं. सकाळची लोणार-मेहकर होती. दुसऱ्या सीटवर कॉलेजच्या दोन पोरी त्याचाच व्हिडिओ पाहत होत्या. त्यांच्या मोबाइलमधून माझाच आवाज येत होता आणि मी गालातल्या गालात हसत तिकिटं देत होते. वाटेत एक ओळखीचा माणूस चढला. सुटे पैसे काढता काढता म्हणाला, "मॅडम, तुमची नक्कल करणारा गेला ना. त्यानं स्वतःच..." पुढं त्याला बोलवेना. त्या पोरींनी व्हिडिओ बंद केला.

गाडी काही आपल्यासाठी थांबत नाही. मशीन हातात, मागं चाळीस माणसं. मी पुढच्या माणसाला "कुठं जायचं" विचारलं, त्यानं सांगितलं, मी पुन्हा विचारलं. तेवढ्यात मागून एकाचा आवाज, "कसं केलं म्हणे?" दुसरा म्हणाला, घरात पटत नसंल. तिसरा म्हणाला, दारू पेत असंल. आणि एक शहाणा, पांढरे कपडे, कडक इस्त्री: "साऱ्या जगाले हसवे, अन् सोता भित्रा निघाला."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "कसं केलं ते ऐकून तुमचं पोट भरणार हाय काय? अन् तुम्ही ओ, भित्रा कोणाले म्हणता? त्याच्या डोक्यात काय चालू होतं ते तुम्हाले मालूम हाय? एक शब्द बोलान तं इथंच उतरवून देईन!" आणि खरंच घंटी मारली. ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली. तो माणूस काही उतरला नाही. मीच खाली उतरले आणि दाराला धरून रडले. ड्रायव्हर पाण्याची बाटली घेऊन उभा राहिला. कोणी घाई केली नाही.

कसं, कुठं, ते मी आजही कोणाला सांगत नाही. इथंही सांगणार नाही.

आमच्याकडे माणूस गेलं की बसायला जातात. बोलायचं काही नसतं. सतरंजीवर बसायचं, पाणी प्यायचं, थोडं रडायचं, उठायचं. निघताना "येते" म्हणायचं नाही, तसंच उठून चालायला लागायचं. मी आणि भाऊ दुसरबीडला गेलो तर त्या घरासमोर चपलांना जागा नव्हती. पार बाजारातले दुकानदार येऊन बसले होते. भाऊ आत आलाच नाही, बाहेर भिंतीला टेकून उभा राहिला. मी त्याच्या आईजवळ बसले. बाई वाळून गेली होती, पण डोळे कोरडे होते.

"पाय ना बाई," ती म्हणाली, "किती लोकं बसायले येऊन राह्यले. तो होता तवा सारे उभ्या उभ्या हसून जायचे. त्याच्यापाशी बसलं कोणीच नाही. मी बी नाही. मले वाटे, एवढा हसवते, म्हणजे बरा हाय."

मग हळूहळू तिनं सांगितलं. तीन महिन्यांपासून झोप नव्हती. जेवण समोर घेऊन बसायचा आणि ताट तसंच सरकवायचा. शेवटच्या पंधरवड्यात वस्तू वाटायला लागला होता. गॉगल कोणाला, ती चामड्याची बॅग कोणाला. "मले वाटलं, पोरगं दिलदार झालं."

मी तिचा हात धरला. म्हटलं, "मावशी, तुमची चूक नाही. हे वळखायचं कोणी शिकवलं होतं आपल्याले?"  माझा हात तिनं बराच वेळ सोडला नाही.

परतताना भाऊ माझ्या स्कुटीवर मागं बसून होता. मध्येच म्हणाला, "ताई, उंद्रीचा कार्यक्रम आठवते काय तुले?" मला माहीत नव्हतं, मी ड्युटीवर होते. तो त्यांचा शेवटचा कार्यक्रम. त्या दिवशी आधारचा तो संवाद आला. भाऊ आपलं वाक्य बोलायच्या आधीच तो म्हणाला, "दाखवू नका बाबा. आधार तं मलेच नाही." लोक नेहमीपेक्षा जास्त हसले.

"मी बी हसलो, ताई. मले वाटलं, नवा पंच काढला यानं. मी बाजूलेच उभा होतो ना. हातभर अंतरावर."

मी म्हटलं, "तुले कसं कळणार होतं रे?" आणि विषय संपला असं मला वाटलं. चुकलंच माझं.

तीन आठवड्यांनी माझी सुट्टी होती. सकाळी मी चिखलीला घरी कणीक मळत होते, तर भाऊ दारात. हातात ती पत्र्याची पेटी. स्वच्छ पुसलेली, गंज घासून काढलेला, आत मिशी कागदात गुंडाळून ठेवलेली. "ही राहू दे तुह्यापाशी. मले आता नाही लागत." बरा दिसत होता. दाढी केलेली, शर्ट धुतलेला. चहा नको म्हणाला आणि चालायला लागला. मी पेटी पलंगाखाली सरकवायला वाकले आणि मला त्या मावशीचं बोलणं आठवलं. गॉगल कोणाला, बॅग कोणाला.

तशीच कणकेच्या हातानं धावले. फाटकाजवळ त्याची कॉलर धरली.

आता बघा, दिवसभरात शेकडो लोकांना मी ओरडून विचारते, कुठं जायचं? आणि सख्ख्या भावाला ते विचारायला माझी जीभ उचलेना. वाटलं, विचारलं आणि त्याच्या मनात नसलंच तर? आपणच तो विचार पेरल्यासारखं होईल. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की तसं होत नसतं. उघड विचारलं तर माणसाला उलट सुटल्यासारखं वाटतं. पण तेव्हा मला कुठं माहीत! भ्याले होते नुसती. आयुष्यात पहिल्यांदा मी हळू आवाजात बोलले.

"भाऊ, तुह्या मनात जीव द्यायचा इचार येऊन राह्यला काय?"

तो कितीतरी वेळ माझ्या हाताकडे पाहत राहिला. त्याच्या कॉलरला कणीक लागली होती. मग म्हणाला, "हाव."

मी ओरडले नाही. देवाशपथ, तोंडात शिव्या आल्या होत्या. लेकरू आहे तुला, बायको आहे, लाज वाटत नाही का, सगळं आलं होतं. गिळलं. पायरीवर बसले, त्याला बाजूला बसवलं, आणि म्हटलं, सांग. तो सांगत गेला. झोपला की उंद्रीचं स्टेज दिसतं, हसणारे लोक दिसतात आणि स्वतःचं हसणं ऐकू येतं. मी मध्ये एकदाही बोलले नाही. माझ्यासारखीला हे किती जड गेलं ते माझं मलाच माहीत.

त्या दिवशी त्याला एकटं सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी बुलडाण्याला सरकारी दवाखान्यात नेलं. मला वाटलं होतं, मनाचा डॉक्टर म्हणजे काहीतरी अवघड काम असेल. साधा माणूस निघाला. म्हणाला, हा आजार आहे, याला औषध आहे, वेळ लागेल, पण बरं वाटतं. भावजयीला म्हणाला, घरात धोक्याचं जे असेल ते आजच्या आज बाहेर काढा, गोळ्या तुमच्या ताब्यात ठेवा, आणि काही दिवस कोणीतरी सतत सोबत राहा. भिंतीवर मदतीचा फोन नंबर लिहिला होता, कोणत्याही वेळी उचलतात असा. भावजयीनं तो मोबाइलमध्ये घेतला आणि वर घराच्या दारावरही लिहिला. कोणाला दिसेल याची लाज धरली नाही तिनं, शाबास तिची.

आता त्याला बरं आहे. अगदी ठणठणीत म्हणत नाही. काही दिवस वाईट येतात, तेव्हा तो फोन करून सांगतो की आज वाईट आहे. हे लिहायलाही त्यानंच होकार दिला. फक्त एक अट घातली. म्हणाला, "पिठल्याची गोष्ट शेवटी सांगजो. पंच शेवटी पायजे."

तर पिठल्याची गोष्ट अशी. दवाखान्यातून आल्यावर मी रजा टाकली, कित्येक वर्षांत पहिल्यांदा, आणि बीबीला गेले. भाऊ आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेला. मी ओसरीत सतरंजी अंथरली आणि बसले.

"काय करून राह्यली?" आतून आवाज.

"बसायले आली."

"काऊन? कोणी मेलं काय?"

"कोणी मेलं नाही. म्हणूनच आली."

 दुसऱ्या दिवशी त्याच्या साउंडवरची दोन माणसं आली, त्यांनाही मी सतरंजीवरच बसवलं. म्हटलं, गप्पा मारायच्या नाहीत, समजूत घालायची नाही, बसा नुसते. तो बोलला तर ऐका. तिसऱ्या दिवशी भावजयीची मावशी आली, शेजारचे दोघे आले. कोणी निघालं की मी मुद्दाम मोठ्यानं म्हणायला लावायची, "येतो! उद्या येतो!" भाऊ आतून ऐकत होता.

चौथ्या दिवशी दुपारी आम्ही सात-आठ जण असेच गप्प बसलेलो. पलीकडच्या गल्लीतल्या काकू आठ दिवस लेकीकडे होत्या, त्या परत आल्या. त्यांनी काय पाहिलं? भरदुपार, ओसरीत सतरंजी, माना खाली घालून बसलेली माणसं. बाईनं कोणाला विचारलं नाही, सवरलं नाही. घरी जाऊन पिठलं-भाकरी केली, कारण दुःखाच्या घरी चूल पेटत नाही. डोक्यावर पदर घेऊन, ताट झाकून आल्या आणि दारातच गळा काढला, "अवं माय वं! कोण गेलं वं?"

आम्ही सगळे दगड. चाळीस माणसांना गप्प करणारी मी, ताट घ्यायला उठायचंही विसरले.

आतल्या खोलीचं दार वाजलं. चार दिवसांत पहिल्यांदा भाऊ उठून चौकटीत येऊन उभा राहिला. विस्कटलेले केस, अंगावर चादर. काकूंच्या हातातल्या ताटाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. आणि त्याच्या ओठाचा कोपरा हलला, स्टेजवर मिशी लावल्यावर हलायचा तसा.

"कोणी नाही गेलं, काकू," तो म्हणाला. "मी हाय अजून. या, बसा."