एकवीस ठिकाणचे बारा

कोडमध्ये नुसता आकडा दिसला की कुंदाताई स्क्रीनवर बोट टेकवून विचारायच्या, "हा कोणाचा गा?" लकडगंजातल्या आमच्या कारखान्यात वजनकाटे बनायचे, त्यांच्या आतला सी भाषेतला प्रोग्रॅम ताईंचा. मी वेंगुर्ल्याचा, नववीत शाळा सोडून सोल्डरिंगला आलेला. सी मला त्यांनीच शिकवली, डबा खाता खाता. "शाळा सुटली म्हणून डोस्कं थोडी सुटलं," म्हणायच्या.

काट्यावर मालाचं नाव इंग्रजीत यायचं. मेमरीत ते इकडून तिकडे नेताना जागोजागी 'बारा बाइट उचल' असं ठोकून दिलेलं होतं. आता नावं मराठीत हवी होती; मराठी अक्षर जास्त बाइट खातं, म्हणून ती बारांत मावेनात. ताईंनी नाव नेणारं एक फंक्शन लिहिलं. "एकवीस जागा आहेत. एकेक उघडून बाराच्या जागी हे घाल. आंधळा हात नको फिरवू."

मी आंधळाच फिरवला. सगळे बारा एका झटक्यात बदलले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कळमन्याच्या धान्यबाजारात पंचवीस काटे न्यायला टेम्पो उभा राहिला. मनात धाकधूक होती म्हणून एका काट्यावर वीस किलोचं वजन ठेवलं. सतरा. दुसऱ्यावर ठेवलं. सतराच. आत जाऊन बदललेला कोड उघडला. एकविसांतला एक बारा नावाचा नव्हताच, वजन ठरवणाऱ्या मापाच्या आकड्यांचा होता. नावाचं फंक्शन शून्य दिसलं की नाव संपलं समजून थांबतं. मापाच्या आकड्यांत शून्य मधेच येतं. अर्धं माप मागेच राहिलं होतं.

गप्प बसलो तर शेतकऱ्याचा माल कमी भरणार. बोललो तर गावाचं तिकीट.

"ताई, मी सगळं एकदमच बदललं."

त्या रागावल्या नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली. बाहेर जाऊन टेम्पोवाल्याला म्हणाल्या, "इंजिन बंद कर गा."

शेठ धावत आले. "काहून थांबवून राहिल्या ताई? पार्टी तिकडं बोंबलून राहिली."

"बोंबलू द्या. काटा खोटं बोलून राहिला."

"कोणी केलं?"

माझ्या आधी ताई बोलल्या. "केलं यानं. पकडलंबी यानंच. दोन्ही ऐका."

शेठनी माझ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "पाचपर्यंत."

मापासाठी वेगळं फंक्शन ताईंनी माझ्याकडूनच लिहून घेतलं. एकवीस जागा एकेक उघडल्या. मग प्रत्येक काट्यावर वीस किलो. पंचविसाव्यानं वीस दाखवलं तेव्हा पाचला दहा मिनिटं होती.

तपासणीच्या कागदावर सही नेहमी ताईंची. त्या दिवशी त्यांनी पेन माझ्यापुढे सरकवलं.

"माझी कशी चालेल? मी नववी..."

"कागद शाळा नाही विचारून राहिला. काटे कोणी तपासले, तेवढंच विचारून राहिला."

मी सही केली. पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट.